जात्यावरची वंदना

काही माणसांना गुदगुल्या लवकर होतात, तशी नितीन मकासरेला शरम लवकर वाटायची. लहानपणापासूनच. शाळेच्या सहलीत आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी तो झाडामागं जाऊन खायचा. देवळाली प्रवराच्या स्टँडवर आईनं लांबून हाक मारली, की हा पेपरच्या टपरीकडं तोंड करून उभा. मी त्यांच्या शेजारची, वस्तीवरच्या शाळेत शिकवते, त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. पोरगा वाईट नव्हता. मऊ बोलणारा, कुणाच्याही मदतीला धावणारा. पण स्वतःच्या घराची लाज वाटणं हा एक आजारच आहे आणि तो शिकलेल्या पोरांना जास्त होतो, असं माझं मत आहे. हे मत कुणाला आवडत नाही. न आवडू दे.

त्याची आई मुक्ताबाई. आम्ही तिला मुक्तामावशी म्हणायचो. नवरा लवकर गेला, आणि मावशीनं लोकांच्या उसात खुरपून एकुलत्या एका पोराला नगरच्या पॉलिटेक्निकपर्यंत पोचवलं. पण वस्तीत तिला मान होता तो या कष्टांमुळं नव्हे. कष्ट काय, सगळ्याच बाया करत होत्या. मान होता वंदनेमुळं.

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मावशी परकरातली पोर होती. त्रिसरण-पंचशीलाचे पाली शब्द गावात आले ते एका छापील कागदावर. वाचून दाखवणाऱ्याला अक्षरं येत होती, चाल मात्र कुणालाच माहीत नव्हती. मग बायांनी ते शब्द पहाटे जात्यावर बसून पाठ केले, आणि जात्याची जी चाल तीच शब्दांना लागली. ओळ संपली की शेवटचा सूर लांबवायचा, खुंटा गोल फिरून परत हाताशी येईपर्यंत, आणि मग पुढचा शब्द घ्यायचा. पुढं गावात पिठाची गिरणी आली, कॅसेटी आल्या, तरुण पोरांनी शहरातली चाल उचलली. मावशीनं नाही उचलली. लग्न असो, बारसं असो, मयतानंतरचं पुण्यानुमोदन असो, ती डोक्यावर पदर घ्यायची, हात जोडायची, डोळे मिटायची आणि सुरू करायची. तिनं तोंड उघडल्याशिवाय वस्तीत दुसरं कुणी उघडत नसे.

नव्व्याण्णव साली नितीन पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आला आणि पेठेत एक गाळा घेऊन त्यानं कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. तालुक्यात क्लास दोन-तीन होते, पण तिथं सगळे विंडोज शिकवायचे. नितीननं आणलं लिनक्स. पुण्याचा त्याचा मित्र तुषार त्याची सीडी घेऊन आला होता. "बाई, हे आपल्याकडं कुणाकडंच नाही," असं तो मला सांगायचा तेव्हा त्याची छाती फुगायची. मला शिकायची हौस, म्हणून उद्घाटनाच्या आधीच मी त्याची पहिली विद्यार्थिनी झाले.

एकदा मी गाणं लावायला गेले, तर आवाजच येईना आणि पडद्यावर इंग्रजीत 'डिव्हाइस बिझी' असं आलं. नितीननं मला समजावलं. "बाई, साउंड कार्ड म्हणजे पीसीओचा बूथ. एक प्रोग्रॅम आत शिरला की दार लागतं. तो आत बोलत असो नाहीतर गप्प उभा असो, बाहेर येईपर्यंत दुसऱ्याला फोन मिळत नाही. मग आत कोण बसलाय ते शोधायचं आणि त्याला बाहेर काढायचं." शोधणंही सोपं नसायचं, कारण त्या लिनक्सला एकाच्या जागी चार पडदे होते. एकावर काम करायचं, बाकीचे तीन मागं लपलेले. शिकवायला पोरगा खरंच चांगला होता. मला ते लगेच समजलं आणि अजून लक्षात आहे.

उद्घाटनाला कारखान्याचे एक संचालक येणार होते, आप्पासाहेब. कार्यक्रम नितीननंच आखला. आप्पासाहेब फीत कापणार, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घालणार, मेणबत्ती लावणार, आणि मग वंदना. ती वंदना कॉम्प्युटर म्हणणार. आसाराम मंडपवाल्याचे मोठे कर्णे कॉम्प्युटरला जोडलेले. म्हणजे आप्पासाहेबांना कळेल की ही काय चीज आहे.

त्या दिवशी सकाळी मी गाळ्याच्या दारात रांगोळी काढत होते. आत नितीन आणि तुषार वायरी जोडत होते. मुक्तामावशी त्यांच्यासाठी डबा घेऊन आली. तुषारला माइक तपासायचाच होता. तो म्हणाला, "मावशी, यात काहीतरी म्हणून दाखवा ना. आवाज धरतोय का बघू."

दुसरी बाई लाजली असती. मावशीनं डबा खाली ठेवला, पायातल्या चपला काढल्या, पदर घेतला आणि त्या इवल्याशा माइकसमोर सबंध वंदना म्हटली. रांगोळीची चिमूट हातात धरून मी ऐकत राहिले. म्हणून झाल्यावर नितीन घाईघाईनं म्हणाला, "आई, दुपारी तू म्हणू नकोस हं. कॉम्प्युटरच म्हणणार आहे."

मावशीचा चेहरा असा काही उजळला! तिला वाटलं, त्यासाठीच तर आपला आवाज धरला. मलाही तेच वाटलं. मी तिच्याबरोबरच घरी निघाले. वाटेत जी भेटेल तिला मावशी थांबवून सांगत होती, "दुपारच्याला ये गं. मशीनमधून माजा आवाज येनार हाय. नितीननं माजा आवाज भरून घेतलाय." हापशावरच्या बायांना सांगितलं, दळणाला निघालेल्यांना सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला माहीत झालं होतं.

खरं म्हणजे नितीननं मुंबईची एक सीडी आणली होती. त्यात बासरी, तबला, शिकलेल्या गळ्याच्या गायिका, सगळं होतं. आई गावभर काय सांगत फिरतेय तेही त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं तिला काही सांगितलं नाही. कार्यक्रम झाल्यावर सांगू म्हणाला असेल. शरमेच्या माणसाचं सगळं असंच नंतरवर जातं.

दुपारी गाळा भरला, बाहेर मंडपातही माणसं उभी राहिली. मुक्तामावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत आली. फीत कापून झाली, हार घालून झाले, मेणबत्ती लागली. नितीननं पुकारलं, "सर्वांनी वंदनेसाठी उभं राहावं." सगळे उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले. नितीननं बटण दाबलं.

काहीच नाही.

परत दाबलं. नुसती कर्ण्यांची घरघर. नितीन आसारामवर खेकसला, "तुमची पिन ढिली असेल." आसारामनं पिन काढून बोट लावलं, कर्णा भर्रकन वाजला. पिन ठीक होती. इकडं सगळे हात जोडून उभे. कुणी एक डोळा किलकिला करून बघतंय, कुणाचं पोर रडायला लागलंय. एरवी असं कधीच झालं नसतं, कारण एरवी मावशीनं केव्हाच सुरू केलं असतं. पण तिला पोरानं सांगितलं होतं की तू म्हणू नकोस, आणि तिच्या आधी म्हणायची रीत कुणाला नव्हती. सगळी वस्ती त्या कॉम्प्युटरच्या डब्यासमोर हात जोडून मुकी उभी होती. मला नितीनचा राग यायला लागला होता आणि दयाही येत होती.

आप्पासाहेब डोळे उघडून म्हणाले, "होऊ द्या सर, लवकर. मला पुढं एक लग्न गाठायचंय."

नितीनचे कान लाल झाले होते. मी बाजूलाच होते, पडद्यावर 'डिव्हाइस बिझी' आलेलं मलाही दिसलं. म्हणजे बूथमध्ये कुणीतरी होतं. तो एकेक पडदा बदलत गेला. पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही. शेवटच्या पडद्यावर सकाळचा तो आवाज भरायचा प्रोग्रॅम उघडाच राहिला होता. कार्ड अडवून गप्प बसलेला. त्याला बंद केलं असतं, तर मुंबईची सीडी वाजली असती.

नितीनचा हात थांबला. त्यानं एकदा आईकडं बघितलं. ती डोळे मिटून, हात जोडून, अगदी निवांत उभी होती. आपला आवाज आता येईल याची तिला खात्री होती. आणि मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्या पोरानं त्याच्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट करायची ठरवली. त्यानं प्रोग्रॅम बंद केला नाही. त्यातलंच वाजवायचं बटण दाबलं.

कर्ण्यांमधून मुक्तामावशीचा आवाज आला. जात्याची चाल, तसाच लांब ओढलेला सूर, मंडपाबाहेर पार पेठेपर्यंत. बायांनी सुस्कारा सोडला आणि सगळी वस्ती त्या आवाजामागून म्हणायला लागली. नितीनच्या चेहऱ्यावर रंग आला. मावशीच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. तिनं स्वतः मात्र ओठ हलवले नाहीत, पोराचं ऐकलं. शेवटी तीनदा 'साधू' झालं, आणि लोक हात खाली घेणार तेवढ्यात कर्ण्यातून नितीनचं सकाळचं 'आई, दुपारी तू म्हणू नकोस हं' ऐकू आलं आणि मागोमाग चपला सरकल्याचा आवाज.

"बाळा, जाते मी. लुगडं बदलून येते." हा मावशीचाच आवाज. सकाळी वंदना झाल्यावर आवाज भरणं लगेच बंद करायचं राहिलं होतं. नितीनच्या ते लक्षातच नव्हतं.

मग तुषारचं हसू. "अरे, हे तर दळणाचं गाणं आहे!"

आणि मग नितीन. आईची नक्कल. ती त्याच्याइतकी हुबेहूब दुसऱ्या कुणालाच जमली नसती, कारण तो त्या सुरावर मोठा झाला होता. नक्कल करताना मध्येच तो घरघर असा जात्याचा आवाज काढत होता. दोघंही खो खो हसत होते. "आप्पासाहेबांसमोर हे लावलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही," कर्ण्यातला नितीन म्हणाला. "आईला वाटतंय, तिचाच आवाज लागणार. वाटू दे. तिला काय कळतंय."

नितीननं झडप घालून वायरच उपटली. पण सगळं पोचलं होतं. पेठेत समोरचा चहावाला गाळणी हातात धरून उभा होता.

तुषार मागच्या दारानं कधी गेला कळलं नाही. आप्पासाहेब छताच्या पंख्याकडं बघत होते. वस्तीतल्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या. पोराच्या शरमेनं नव्हे, मावशीकडं बघायचं कसं म्हणून. मलाही तिच्याकडं बघवेना. शेवटी तीच बोलली. आप्पासाहेबांकडं वळून, घरी पाहुण्यांशी बोलावं तशी.

"पोरं हायेत, हसत्यात. कामाचा लई ताण हुता त्यांच्यावर. तुमी म्होरं चालू द्या, सायेब."

तिनं त्याला रागं भरलं असतं, रडली असती, उठून गेली असती, तर तो वाचला असता. तिनं त्याला पाठीशी घातलं. नितीन टेबलाला धरून उभा होता. मग त्यानं हात जोडले आणि वंदना पुन्हा सुरू केली, तोंडानं. दुसरी चाल त्याच्या गळ्यात नव्हतीच. तीच जात्याची चाल, पण आता नक्कल नव्हती. एकेक सूर आईसारखा शेवटपर्यंत ओढत तो म्हणत होता आणि लोक त्याच्या मागून म्हणत होते. खोटं बोलणार नाही या शीलापाशी त्याचा आवाज फाटला. बायांनी ती ओळ पुरी केली.

मुक्तामावशी तेवढी गप्प होती.

क्लास पुढं चांगला चालला. आप्पासाहेबांनी उलट शब्द टाकून मुलं पाठवली. नितीन आईची काळजी घेतो, तिला खुरपायला जाऊ देत नाही, स्टँडवर तिचा हात धरून चालतो. वस्तीत कुठलाही कार्यक्रम असला की तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "आई, तू सुरू कर ना." दर वेळी म्हणतो. सगळे थांबलेले असतात.

मावशी मान हलवते. "तू म्हन बाळा. मला काय कळतंय." त्यात टोमणा नसतो. माझ्यासारखी टोमणे मारणारी बाई सांगते, नसतोच. आणि मग ती डोक्यावर पदर घेते, हात जोडते, डोळे मिटते आणि ओठ बंद ठेवून उभी राहते.