परबकाकांचं चहाचं गाणं

परबकाका सकाळी उठले की आधी गाणी तपासायचे, मग चूळ भरायचे. झोपायच्या खोलीतला स्पीकर, बाहेरचा टीव्ही, स्वयंपाकघरातला टॅब आणि काकूंच्या गळ्यात अडकवलेला फोन, या सगळ्यांवर तीच गाणी त्याच क्रमाने आहेत ना, हे पाहिल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. घाटकोपरला, असल्फ्याच्या बाजूला, ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. बिल्डिंगमधली मुलं त्यांना डीजे काका म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. त्यांना हसायला वेळ नव्हता, इतकंच.

हे सगळं काकूंसाठी होतं. काकूंना विसरण्याचा आजार जडला होता. मुलाचं नाव कधी आठवे, कधी नाही. पण ओळखीचं गाणं लागलं की हात आपोआप कामाला लागत. हे लक्षात आल्यावर काकांनी त्यांचा अख्खा दिवस गाण्यांवर बांधला. आंघोळीचं गाणं, जेवणाचं, चहाचं, झोपेचं. गाण्यांची खरी नावं त्या घरात कोणी घेत नसे. चहाचं गाणं लागलं की काकू असतील तिथे बसत आणि चहा हातात येईपर्यंत जागच्या हलत नसत. एकदा त्या दाराच्या उंबऱ्यावरच बसल्या. मी उठवायला गेले तर काका म्हणाले, "बसू दे गं तिला. तिची वेळ आहे ती."

काकू या खोलीतून त्या खोलीत गेल्या की काका गाणं त्यांच्या मागोमाग न्यायचे. इथला स्पीकर बंद, तिथला टीव्ही सुरू, मध्ये एक ओळही गळता कामा नये. गॅलरीत गेल्या तर फोनवर. यादीत काही बदललं की चारही ठिकाणी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. मी एकदा म्हटलं, "काका, एका ठिकाणी बदललं की आपोआप सगळीकडे बदलतं." त्यावर म्हणाले, "बदलतं ना. पण कधी बदलतं ते आपल्याला सांगत नाही. तेवढ्यात हिची वाट लागते."

ते खोटं नव्हतं. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. एका सकाळी त्याने व्यायाम करताना चुकून वडिलांच्याच गाण्यांच्या ॲपच्या खात्यावर त्याचं धडधडतं गाणं लावलं. एका खात्यावर एका वेळी एकच गाणं वाजे, त्यामुळे इकडे आंघोळीचं गाणं मध्येच तुटलं. काकूंनी अंगावर पाणी घालणाऱ्या बाईंना ढकललं आणि ओल्या अंगाने कोपऱ्यात थरथरत उभ्या राहिल्या. काका दाराबाहेरून मालवणीत धीर देत होते, "कित्याक भियातंस? मी आसंय." काकूंना आवाज ओळखू येत नव्हता. काकांनी मुलाला फोन लावला. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाळा, तुझं गाणं बंद कर. आई आंघोळीला बसलीय." त्याच दिवशी मुलाने स्वतःचं वेगळं खातं काढलं.

मग ती दुपार आली. गॅसवाला आला होता, दार उघडं राहिलं, आणि काकू निघून गेल्या. वॉचमनने त्यांना साकीनाक्याच्या दिशेने जाताना पाहिलं होतं, पण हाक मारायचं त्याला सुचलं नाही. काका आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या हातात टॅब होता आणि पायांत चप्पल नव्हती. काकूंच्या त्या जुन्या फोनवर ठिकाण दिसत नसे. मी काकूंचा नंबर लावायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"फोन करू नको. रिंग वाजली की गाणं थांबेल. ती घेणार नाही, नुसती घाबरेल."

टॅबवर दिसत होतं, काकूंच्या फोनवर भजनं चालू होती. भजनांना त्या कधी एका जागी बसत नसत, म्हणजे त्या चालत होत्या. कुठे, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, काही कळत नव्हतं. काकांनी चहाचं गाणं शोधलं. बोट दोनदा चुकलं. मग काकूंच्या फोनवर ते लागलं. त्यांनी ते पुन्हापुन्हा वाजेल असं केलं, आवाज शेवटपर्यंत चढवला आणि म्हणाले, "आता ती बसेल. रस्त्याच्या मध्ये नसली म्हणजे झालं." एवढं बोलून ते स्वतःच खाली बसले.

मी रिक्षा करून निघाले. अर्ध्या वाटेत त्यांचा फोन आला. "टॅबवरनं तिचा फोन गेला गं. दिसतच नाहीये." मग तेच म्हणाले, "नेट गेलं असेल. गाणं उतरवून ठेवलंय मी तिच्या फोनात. वाजत असणार." हे ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

साकीनाक्याच्या अलीकडे छोट्या कारखान्यांच्या गल्ल्या आहेत. लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात माणसाची हाक ऐकू येत नाही, तिथे गाणं काय ऐकू येणार. मी रिक्षा सोडली आणि एकेका गल्लीत शिरले. तिसऱ्या की चौथ्या गल्लीत एक मशीन अचानक थांबलं आणि त्या थांबण्यातून मला ते गाणं ऐकू आलं.

काकू एका शेडच्या दारात लोखंडी खोक्यावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर हात पुसत एक कारागीर उभा होता. "कब से चाय माँग रही हैं," तो मला म्हणाला, "उठती ही नहीं." त्याने चहा मागवला होता. काकूंनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि मला विचारलं, "ह्यांका दिलंस?"

मी काकांना फोन केला. सापडल्या, म्हटलं. ते म्हणाले, "चहा संपू दे तिचा. मग आण."

त्यानंतर काकू वर्षभर होत्या. शेवटी शेवटी त्या कुठल्याच गाण्याने उठेनात. तरी काका रोज सगळीकडची गाणी तपासत राहिले. काकू गेल्या, आणि महिनाभराने मुलगा त्यांना बंगळूरला न्यायला आला. सामान बांधून झालं होतं. मी सहज विचारलं, "काका, तिकडे टॅबवर तुमच्या आवडीची गाणी भरून देऊ?"

त्यांनी बांधलेल्या पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"नको गं," ते म्हणाले. "मला गाण्याची कधीच आवड नव्हती. तिलाच होती."