गिरीजचे बिनमास्तर

इनासकाकांनी उभ्या आयुष्यात 'एक, दोन, तीन' म्हणून गाणं सुरू केलं नाही. आमचा आठ जणांचा बँड लग्नाच्या मांडवात उभा राहायचा, मंडळी वाट बघायची, आणि काका ट्रम्पेट ओठांपाशी नेऊन नुसते थांबायचे. हाताचा इशारा नाही की मान हलवणं नाही. आठांनी एकमेकांचा श्वास ऐकायचा, तो जुळला की वाजवायला लागायचं. मी पहिल्यांदा त्यांच्यात उभी राहिले तेव्हा हा प्रकार चांगला मिनिटभर चालला. नवरीचा मामा घाबराघुबरा होऊन पुढे आला.

"काय झालं? तुमचा मास्तर कोण?"

"मास्तर नाही आमच्यात," काका म्हणाले. "थांबा जरा. येतंय."

आणि खरंच आलं. गिरीज गावाने काकांना 'बिनमास्तर' हे नाव थट्टेने ठेवलं होतं; त्यांना मात्र ते फार आवडायचं.

मी तेव्हा बी.एड. करत होते. क्लॅरिनेट चर्चमध्ये शिकले होते, पण लग्नाच्या बँडमध्ये मुलगी म्हटल्यावर घरी आईने तोंड फिरवलं. काकांची तालीम रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर त्यांच्या वाडीत, बावखलाच्या काठी चालायची. हिरवं, संथ पाणी आणि भोवती केळी. मी गेले तेव्हा ते केळीची सुकलेली पानं कापत होते.

"काका, मला बँडमध्ये घ्याल का?"

"घेणारा मी कोण, बाय? ये आणि उभी राहा. कोणाला नको असेल तर तो सांगेल."

ढोल वाजवणारा सांतान तेवढा काहीतरी पुटपुटला, आणि मग त्यानेच मला उभं राहायला जागा करून दिली.

तरुणपणी काका मुंबईला एका कारखान्यात फिटर होते. संपात गेटवर ट्रम्पेट वाजवायला तेच उभे असत. तो संप कसा मोडला हे ते एकाच वाक्यात सांगत. "आमचा पुढारी मालकाच्या केबिनमध्ये गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याची चालसुद्धा मालकासारखी झाली होती." त्यानंतर ते गावी परतले, वाडी कसू लागले आणि बँड काढला. बँडला नियम एकच. कामाला जायचं की नाही हे सगळ्यांनी बसून ठरवायचं, आणि एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी जायचं नाही. कारण विचारायचं नाही.

एका लग्नाला मी नाही म्हटलं होतं. त्या नवऱ्या मुलाने माझ्या मैत्रिणीला कॉलेजात छळून नको नको केलं होतं, आणि ते मला सात पुरुषांपुढे बोलायचं नव्हतं. काका "बरं" म्हणाले आणि पुढच्या गाण्याकडे वळले. सांतानची मुलगी त्या नवरीची मैत्रीण होती, तरी त्यानेही 'का' विचारलं नाही. घरी जाताना मला रडू आलं होतं.

काका चाली बांधत, पण त्यांवर स्वतःचं नाव लावत नसत. विरारच्या एका तरुणाने त्यांची एक चाल स्वतःच्या नावाने मोबाईलवर टाकली आणि ती हजारोंनी ऐकली. मी संतापून त्यांना ती ऐकवली. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकली. "दुसऱ्या ओळीत त्याने बरं वळण दिलंय," ते म्हणाले. "आपणही तसंच वाजवू."

मग भरावाचं प्रकरण सुरू झालं. शेजारच्या गास गावाच्या बाजूला इमारतींसाठी शेतं मातीने भरत होते, त्यात आमच्याकडचं पाणी वाहून नेणारा नाला बुजला. गावाने अर्ज केले, निवेदनं दिली. काकांनी मे महिन्यात एका सकाळी फावडं उचललं आणि ते नाला मोकळा करायला लागले. दुपारपर्यंत चाळीसेक माणसं, बायका आणि पाद्रीबाबासुद्धा चिखलात उतरले होते. आम्ही आळीपाळीने खणत होतो आणि आळीपाळीने वाजवत होतो. पोलीस आले. साहेबांनी विचारलं, "पुढारी कोण?" कोणीच पुढे येईना. तेव्हा ते काकांवर खेकसले, "परवानगी नाही, पुढारी नाही. अराजक माजवताय तुम्ही लोक!"

काका चिखलाचे हात पुसत म्हणाले, "साहेब, अराजक म्हणजे राजा नसणं. इथे राजा नाही, पण नाला बघा किती सरळ खणलाय."

साहेबांना हसू आवरलं नाही. पण आठवड्याच्या आत बुलडोझर आला आणि नाला पुन्हा बुजला. त्या पावसाळ्यात पाणी चार दिवस हललं नाही. सांतानच्या घराची मागची भिंत बसली. दुरुस्तीच्या परवानगीचा कागद कार्यालयात अडकून राहिला, आणि सांतान बायकोमुलांसह प्लास्टिकखाली राहू लागला.

दिवाळीच्या सुमाराला ज्याच्या कृपेने तो भराव झाला होता, त्याच पुढाऱ्याचा सत्कार ठरला. त्याचा माणूस सांतानकडे आला. 'गावाचा बँड वाजू दे, तुमचा कागद सुटेल.'

आम्ही बावखलाच्या काठी बसलो. सहा जण 'जाऊ' म्हणाले. मीही जाऊ म्हणाले. शेवटी काका म्हणाले, "मी नाही म्हणतो."

सांतान उठून उभा राहिला. "इनास, तुझा एक 'नाही' माझ्या घरापेक्षा मोठा झाला? तुझ्या वाडीत पाणी शिरलं, पण तुझ्या डोक्यावर छप्पर तर आहे!"

"तू माझ्याकडे येऊन राहा. कितीही दिवस."

"मला माझं घर पाहिजे!"

मी म्हटलं, "काका, एकदाच. सांतानकाकांसाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलेल्या त्या लग्नाची आठवण ते करून देऊ शकले असते. त्यांनी ती करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या घरी गेले. दारात उभं राहून एकच सांगितलं, "एकाच्या नाहीने सगळे अडकत असतील तर तो एकजणही मालकच झाला. मी बँडमधून बाजूला होतो. तुम्ही मोकळे आहात."

सत्काराला आम्ही सात जण गेलो. मंचासमोर उभे राहिलो आणि कोणालाच सुरुवात करता येईना. श्वास जुळत नव्हते. लोक बघत होते, पुढारी घड्याळ बघत होता. शेवटी मीच म्हटलं, "एक, दोन, तीन." आम्ही वाजवलं, आणि बरं वाजवलं. टाळ्या पडल्या.

सांतानचा कागद सुटला. भिंत बांधायला काढली तेव्हा काका तीन दिवस तिथे विटा वाहायला जात होते. सांतान त्यांच्याशी बोलला नाही, पण त्याची बायको रोज त्यांचंही ताट वाढायची. पुढे बँडला गणवेश आला, नावाची पाटी आली, सांतान मास्तर झाला. मी नोकरीचं निमित्त करून बँड सोडला.

काकांकडे जायला मला चार वर्षं लागली. तोवर त्यांचे पुढचे दात गेले होते, ट्रम्पेट वाजत नव्हता. ओसरीत भाजीच्या बियांच्या पुड्या बांधत बसले होते. मी इकडचं तिकडचं बोलले आणि निघताना विचारलं, "काका, त्या दिवशी मी चुकले का?"

"चुकलीस," ते लगेच म्हणाले. मी मान खाली घातली. मग त्यांनी हातातली पुडी बाजूला ठेवली. "पण मी जास्त चुकलो, रेजी. निघून जाणं सोपं होतं. मी हात स्वच्छ ठेवले आणि तुम्हाला तिथे एकटं पाठवलं. थांबून भांडायला हवं होतं. चार दिवस, आठ दिवस. सांतानच्या घरासाठी दुसरी काही वाट निघाली असती, नसती... पण थांबायला हवं होतं."

मी त्यांना एवढं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, मी विचारण्याच्या खूप आधीपासून ते स्वतःला हेच विचारत असावेत. त्यानंतर चर्चचा वार्षिक सण, फेस्त, यायच्या आधीच ते गेले. सांतान मातीला आला होता, सगळ्यांच्या मागे उभा.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत कोणा पाहुण्याच्या स्वागतासाठी मुलांना भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं करायचं ठरत होतं. "सगळ्यांना मान्य ना?" मुख्याध्यापकांनी विचारलं, आणि सगळ्या माना हलल्या. मी नाही म्हटलं. पूर्वीची मी एवढं बोलून बाहेर पडले असते. त्या दिवशी बैठक दोन तास चालली आणि मी खुर्चीवरून उठले नाही. टोमणे ऐकले, उत्तरं दिली, एकदा माझा आवाजही चढला. स्वागताच्या दिवशी बाकीचे ठरल्याप्रमाणे गेले, पण माझी मुलं वर्गातच बसली.

आता मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तराला सोमवारपर्यंत मुदत आहे. सहकारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर बसत नाहीत, आणि मला झोप धड लागत नाही. पण राजीनामा लिहून मोकळं व्हावं, असं अजून एकदाही वाटलेलं नाही.