गुलाबवाल्याच्या पिकअपमधलं इंजिन

ती घटना आठवते, पण पूर्ण अशी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी मी उघडकीस आणलेल्या गुन्ह्यांची यादी वाचली, त्यात हाही होता. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

तेव्हा मी पुण्यात सोलापूर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका सकाळी निनावी फोन आला. "लोणी काळभोरच्या गुलाबवाल्याची जुनी हिरवी पिकअप हाय बघा. तिच्यात दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसवलंय. चोरीचं हाय." एवढं बोलून माणसाने फोन ठेवला. तो कोण होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडी सापडायला तासही लागला नाही. गोल बॉनेट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. अशी गाडी आता रस्त्यावर दिसत नाही. मालकाची गुलाबांची नर्सरी होती आणि गाडी त्याच्या वडिलांची. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळेनात, भंगारात घालायला मन होईना, म्हणून त्याने एका मिस्त्रीकडून तिच्यात दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. आरटीओकडे परवानगीचा अर्जही केलेला होता. मी इंजिन नंबर उतरवून पडताळणीला पाठवला, गाडी ठाण्यात लावली आणि मिस्त्रीला आणायला स्वतः गेलो.

मिस्त्री साठीच्या पुढचे. चार पिढ्या पुण्यात असलेलं मुसलमान कुटुंब. शुक्रवारची नमाज नुकतीच सुटली होती, गल्ली माणसांनी भरलेली होती. त्यांनी हात धुण्यापुरता वेळ मागितला. मी तो दिला नाही. दंडाला धरून गॅरेजपासून चौकापर्यंत चालवत नेलं. जीप गल्लीत येऊ शकत होती. मी मुद्दाम चौकात उभी केली होती.

ठाण्यात त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खिशातून भंगारवाल्याची पावती काढून टेबलावर ठेवली.

"असल्या पावत्या मी रोज बघतो," मी म्हणालो. "इंजिन कुठून उचललंस ते सांग."

माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो.

"साहेब, विकत घेतलंय. गिअरबॉक्स जुनाच ठेवला. इंजिन त्याला जुळावं म्हणून मधली प्लेट तासून घेतली, इंजिन टेकायला नवे माउंटिंग वेल्ड केले. महिना गेला बघा त्याच्यात." बोलता बोलता क्षणभर त्यांचा चेहरा खुलला. मग ते म्हणाले, "आणि चोरीचं असतं तर मी आधी नंबर घासला नसता का?"

वाहनचोरीच्या तपासात पहिल्याच दिवशी शिकतात, ती ही गोष्ट. ती मला एका मिस्त्रीने ऐकवावी याचाच मला राग आला. मी आवाज चढवला. त्यांच्या जमातीबद्दलही बोललो. ते शब्द इथे लिहवत नाहीत. स्टेशन डायरीत नोंद न करता मी त्यांना दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. त्यांची बायको डबा घेऊन फाटकाशी यायची आणि तिथूनच परत जायची.

तिसऱ्या दिवशी आरटीओचं उत्तर आलं. इंजिन एका मालवाहू गाडीचं होतं. मी तिच्या मालकाला फोन लावला. "तुमच्या गाडीची चोरी झाल्याची तक्रार का दिली नाहीत?"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "अहो साहेब, माझी गाडी तुमच्याच आवारात आहे. अपघाताच्या केसमध्ये तुम्हीच जमा केलीत. आणि ती कुठे आहे, हे आपण मला विचारताय?"

मी एकटाच मागच्या आवारात गेलो. गाडी कडेला, गवतात होती. बॉनेट उचललं. आत इंजिन नव्हतं.

खोलीत येऊन मुद्देमालाची नोंदवही काढली. सहा महिन्यांपूर्वीची वार्षिक पडताळणी. 'वाहन इंजिनसह जागेवर.' खाली माझी सही. त्या दिवशी मी खुर्चीवरून उठलोही नव्हतो. हवालदार पानं उलटत गेला आणि मी सह्या करत गेलो.

मुद्देमाल सांभाळणाऱ्या त्या हवालदाराला बोलावलं. दहा मिनिटांत त्याने कबूल केलं. इंजिन त्यानेच काढून भंगारवाल्याला विकलं होतं, आणि तेही माझ्या सहीच्या दोन महिने आधी.

गुन्हा उघडकीस आला होता. आता अहवाल लिहायचा होता. मी लिहिलं, 'सदर इंजिन वार्षिक पडताळणीनंतर काढण्यात आले.' हवालदाराने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत दिला. तो बडतर्फ झाला. मला शाबासकीचं पत्र मिळालं.

मिस्त्रींना सोडताना मी म्हणालो, "सुटलास. नशीबवान आहेस." गुलाबवाल्याच्या गाडीतून इंजिन उतरवून आम्ही मुद्देमालात जमा केलं. रिकामी गाडी तो टेम्पोला बांधून ओढत घेऊन गेला.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी मी त्या गल्लीत गेलो. मिस्त्री थकले होते, पण काम चालू होतं. त्यांनी मला ओळखलं आणि स्टूल पुढे केलं. मी उभ्यानेच म्हणालो, "मी तुमची माफी मागायला आलोय."

"इथे कशाला?" ते म्हणाले. "इथून चौकापर्यंत बारा दुकानं आहेत. त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर कितीतरी गिऱ्हाइकं आली नाहीत. माझ्या बायकोला तिच्या भावाने विचारलं, खरं काय ते सांग. चला, तिकडे बोला."

आम्ही शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मिस्त्री म्हणाले, "साहेबांना काही सांगायचंय."

"त्या इंजिनाच्या प्रकरणात यांचा काही दोष नव्हता," मी म्हणालो. "पोलिसांकडून चूक झाली होती."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर मिस्त्री थांबले. "पोलिसांकडून म्हणालात, साहेब."

पुढच्या अकरा दुकानांत ते मला घेऊन गेले नाहीत.

नोकरीभर मी समोरच्याकडून एकच वाक्य काढून घ्यायचो, 'मी केलं.' 'झालं', 'घडलं' म्हणणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. ते वाक्य तोंडातून निघताना किती जड असतं, ते मला त्या दुकानात कळलं, आणि मी ते गिळून टाकलं.

म्हणून इथे लिहितो. बॉनेट न उघडता सही मी केली. निरपराध माणसाला मी बसवून ठेवलं, त्याचा अपमान मी केला. अहवालात खोटं मी लिहिलं. हे छापून आलं की त्या बाराही दुकानांत एकेक प्रत मी नेऊन देणार आहे आणि वाचून दाखवणार आहे. मिस्त्री बरोबर आले नाहीत, तर एकटा जाईन.