ले-आउटमधलं एकच घर

नागपूरला रोज ये-जा करता येईल असं घर शोधत मी आणि बायको भंडाऱ्याबाहेरच्या एका ले-आउटवर गेलो होतो. बहुतेक प्लॉट विकले गेले होते, पण घर एकच उभं होतं. आम्ही त्याच्या शेजारचा प्लॉट पाहत होतो, तेव्हा त्या घरातली बाई न मागता पाणी घेऊन आली. तिचा नवरा पहाटेच नागपूरला कामावर जायचा.

“स्वयंपाकघराची खिडकी इकडून ठेवजा, म्हणजे बोलता येते,” ती बायकोला म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, “दिवसा घरीच राहता का जी तुम्ही?”

“नाही, मीपण नागपूरलाच नोकरी करते.”

ती रिकामे ग्लास घेऊन दोन पावलं गेली आणि परत वळली. “तरी घ्या जी. लोकं प्लॉट घेऊन ठेवतात, राहाले कोणी येत नाई. सायंकाळी तुमच्या घरचा लाइट तं दिसन मले.”

महिन्याभरानं आम्ही वरठीला, स्टेशनजवळ घर घेतलं. गाडी पायी गाठता येते, निर्णय बरोबरच होता. तिला तसं सांगायला मात्र आमच्यापैकी कोणीच गेलं नाही.