मूकपटाच्या पत्रिकेला मी लावलेली खळ

बायकोनं मला रद्दी घालायला पाठवलं होतं. मी नऊ किलो घेऊन गेलो आणि अकरा किलो घेऊन परत आलो. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत माझा छंद शिरला तो असा. त्या जास्तीच्या दोन किलोंत जुन्या संगीत नाटकांच्या पत्रिका होत्या: गुलाबी, पिवळा, खाकरा मोडावा तसा मोडणारा कागद, आत पदं, आणि शेवटी बायकांसाठी बसण्याची वेगळी सोय असल्याची हमी. मूकपटांच्या पत्रिका तर आणखी नामी. त्यांत अख्खी गोष्ट सांगत आणायची, नायिका कड्याच्या टोकाशी आली की थांबायचं आणि लिहायचं, पुढील प्रकार पडद्यावर पाहावा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ती नायिका माझ्यासाठी अजून कड्यावरच उभी होती.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचो. आमच्या टेबलाचा धर्म एकच होता. सुटा कागद म्हणजे हरवलेला कागद. म्हणून दिसेल तो कागद चिकटवायचा. शिपाई कणकेची खळ शिजवायचा, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचा आणि आम्ही सरकारचा कारभार त्या खळीवर टिकवून धरायचो. दोन कारकुनांना एकत्र आणणारी दुसरी कुठली वस्तू त्या कचेरीत नव्हती.

सांगलीला गावभागात एक मास्तर राहायचे. घरीच पेटी शिकवायचे. वय सत्तरीकडे झुकलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्याकडे जुन्या पत्रिका असल्याचं कळल्यावर मी एसटीनं सांगली गाठली. त्यांनी चाचपडत एक पत्र्याची पेटी पुढं सरकवली. ती त्यांच्या आजोळी, वडूजला, माळ्यावर पडून होती. माळा उतरवला तेव्हा नुकतीच हाती आली होती.

"मला आता काय दिसत न्हाई गड्या," मास्तर म्हणाले. "तू ने, नीट ठेव. डोळ्याचं आपरेशन झालं की एकदा दाखवायला आण. मग कायमच्या तुझ्याच."

आत चौदा पत्रिका होत्या. तेरा नाटकांच्या, एक मूकपटाची.

मी नीट ठेवायचं ठरवलं. माझ्यासारख्या माणसानं काही नीट ठेवायचं ठरवलं की त्या वस्तूनं घर सोडून पळावं. मी जाड ड्रॉइंग पेपरची वही शिवून घेतली, शिपायाकडून वाटीभर खळ आणली आणि चौदाही पत्रिका एका रविवारी ठोकून बसवल्या. मूकपटाच्या पत्रिकेच्या पाठीवर जांभळ्या शाईपेन्सिलीचं काहीतरी गिरबटलेलं होतं. कुणीतरी घाण केलीय, असं म्हणून मी त्या बाजूला खळीचा जरा जास्तच जाड हात दिला. वर उजव्या कोपऱ्यात अनुक्रमांक टाकला. सवय!

चार महिन्यांनी मास्तरांचं ऑपरेशन झाल्याचं कार्ड आलं. मी वही काखेत मारून छाती काढून गेलो. मास्तरांनी नवा जाड चष्मा लावला, एकेक पान उलटलं, मूकपटाच्या पत्रिकेपाशी थांबले आणि नखानं तिची कड उचलायला लागले.

"काय हवंय मास्तर?"

"पाठ बघायचीय."

"पाठीवर काही नाही हो. नुसतं गिरबटलेलं होतं."

नख थांबलं. "माझा बाप तंबूत पडद्याखाली बसून पेटी वाजवायचा," ते म्हणाले. "चित्र मुकं, बाप न्हाई. मी तीन वर्सांचा असताना गेला. तोंड आठवत न्हाई, आवाज आठवत न्हाई. आई सांगायची, कुठल्या वक्ताला काय वाजवायचं ते पत्रिकेच्या पाठीवर लिवून ठेवायचा. तिला वाचता येत नव्हतं. ही पत्र्याची पेटी हाती आली तवा मला दिसत नव्हतं. आता दिसतंय, तर तू चिकटवलंस."

"मला सांगायचं तरी मास्तर…"

"काय सांगायचं? कागदाला दोन बाजू असत्यात, ह्ये बी?"

परतीच्या एसटीत वही मांडीवर घेऊन मी कराडपर्यंत कुणाशी बोललो नाही. कराडला गाडी बदलल्यावर बोललो, पण ते नवा कंडक्टर तिकीट मागत होता म्हणून.

साताऱ्यात आमच्या कचेरीची रजिस्टरं बांधणारे एक बाइंडरचाचा होते. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कुराणापासून सात-बाराच्या बुकांपर्यंत सगळं बांधलेलं. त्यांनी वही नाकाला लावली.

"मोरचूद घातलाय जनू?"

"व्हय चाचा."

"मग कीड बी खायाची न्हाई आन् तुमाला बी सुटायचं न्हाई. झ्याक काम केलंय सायेब."

"वाफ देऊन?"

चाचांनी कडेला झिरपलेला जांभळा डाग दाखवला. "ही शाईपेन्सिल हाय. वाफ म्हंजे काय कोरडी असती व्हय? जरा ओल लागली की रंगपंचमी." मग त्यांनी वही उपडी ठेवली. "पत्रिकेला हात लावायचाच न्हाई. वहीचं पान मागनं सोलायचं. कांद्यावानी, पापुद्रा पापुद्रा."

"किती दिवस लागतील तुम्हाला?"

"मला? चिकटवलं कुनी?" त्यांनी एक पातळ सुरी माझ्या हातात दिली.

सहा रविवार मी चाचांच्या दुकानात जमिनीवर मांडी घालून सोलत बसलो. शेजारी चाचा शिलाई मारत मारत फक्त म्हणायचे, "सायेब, श्वास घ्या, मरशीला." घरी पुरावा म्हणून मी सोललेले पापुद्रे पुडीत बांधून न्यायचो. बायको म्हणाली, "लग्नाला अकरा वर्षं झाली. इतक्या मायेनं एक कांदा सोलला नाहीत कधी."

शेवटी खळीचा वाळलेला थर उरला. तो टिचत टिचत निघाला आणि खालून अक्षरं वर आली. बाग: भूप, सावकाश. घोडा: चढी लय, भाता सोडू नये. म्हातारी मरते: पेटी बंद, काहीच नाही. पण शेवटची ओळ गायब होती. खळ ओली असताना शाई विरघळून वहीच्या पानावर गेली होती, आणि ते पान तर मी पापुद्र्या-पापुद्र्यानं सोललेलं. पुडी शोधली. मीच साफसफाईच्या भरात ती बंबात घालायला काढून ठेवली होती.

"शोधू नका," बायको म्हणाली. तिनं रव्याचा डबा उघडून पुडी काढली. "तुम्ही टाकायला काढता ना, तेच पुढं लागतं. अकरा वर्षांत एवढं शिकले."

दाढीच्या आरशासमोर पापुद्रे धरून आम्ही दोघं उलटी जांभळी अक्षरं जुळवत बसलो. तासाभरानं ओळ लागली. शेवट: घरचा पाळणा.

घरचा म्हणजे कुठला? नुसत्या एवढ्यावर जगात कुणाला काय वाजवता येणार? तरी मी ते सगळं एका पुठ्ठ्याच्या घडीत ठेवून सांगलीला गेलो. काखेत नाही, दोन्ही हातांत.

मास्तरांनी पत्रिका पाठीवर वळवली. खूप वेळ वाचली. मग पेटी ओढली आणि लिहिलं होतं तसं वाजवत गेले. भूप झाला, घोडा झाला. म्हातारी मेली तिथं त्यांनी भाता मिटला आणि हात मांडीवर ठेवले. बाहेरून सायकलची घंटी ऐकू आली. मी खाली मान घालून पापुद्रा आणि आरसा पुढं केला.

त्यांनी वाचलं आणि लगेच वाजवायला लागले. चार ओळींची साधी चाल, शेवटी एक वेडंवाकडं वळण.

"ही कशी ठाऊक तुम्हाला?"

"आई म्हनायची की रं. मला वाटायचं, तिचीच हाय." त्यांनी ते वळण पुन्हा घेतलं, एकदा, दोनदा. "बापाची हाय. बघ की, पेटीवरच वळतीय ही. आईच्या गळ्याला कुठं जमत हुती."

पत्रिका त्यांनी ठेवून घ्यावी, असं मी म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला.

"ठेवतो. दोन्हीकडनं काच असलेली चौकट करून आण. आन् ते तुझ्या वहीचं सालपट बी दे, त्यो शेवट हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाकीच्या तेरांच्या पाठी बघितल्यास चिकटवायच्या आधी?"

मी कारकून होतो. पुढची बाजू बघितली होती.

सोमवारी कचेरी सुटल्यावर चाचांच्या दुकानात गेलो. ते शिलाई मारत होते, वर न बघताच त्यांनी विचारलं, "किती ऱ्हायल्यात?"

"तेरा."

चाचांनी सुरी काढली आणि धार लावायच्या दगडावर थुंकले.