सामाईक गॅरेजचं दार

कोरगावात माझा पसरो आहे, म्हणजे किराणा मालाचं लहानसं दुकान. गल्ल्यावर बसलं की समोर रस्त्यापलीकडे गोकुळदास आणि सगुण या दोन भावांच्या गॅरेजचं लोखंडी दार दिसतं. नऊ वर्षं मी त्या दाराची टिंगल केली. आता करत नाही. का करत नाही ते सांगतो, पण त्यात माझी बाजू कुठेच चांगली दिसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गोकुळदास थोरला. वीज खात्यात लाइनमन होता. सगळा जन्म खांबांवर गेला, म्हणून असेल कदाचित, जमिनीवरच्या माणसांशी बोलायचं त्याच्या जिवावर यायचं. सांगायचं ते तो करून दाखवायचा. कोणाच्या घरचे दिवे गेले की न बोलावता जाऊन फ्यूज घालायचा आणि घरातली बाई चहा टाकीपर्यंत परत आपल्या अंगणात. बायको चार वर्षांपूर्वी वारली, मुलगी डिचोलीला दिलेली, त्यामुळे घरात एकटाच. सगुण पाच वर्षांनी धाकटा आणि अगदी उलटा. म्हापशाला कापडाच्या दुकानात कामाला होता. दहा मिनिटं गप्पा मारल्याशिवाय माझ्याकडून काड्यापेटीसुद्धा नेत नसे.

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. घरात मधोमध भिंत आली, काजूची झाडं मोजून दोघांना मिळाली. राहिलं ते गॅरेज. वडिलांनी आपल्या जीपसाठी बांधलेलं, दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये, रस्त्याला लागून. त्यावरून असं काही पेटलं की जे बोलू नये ते दोघंही बोलून बसले. शेवटी अर्धं अर्धं ठरलं. दाराला दोन झडपा होत्या, एकेकाला एकेक मिळाली. आत डावीकडे थोरल्याची स्कूटर, उजवीकडे धाकट्याची. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मग रंगांची गंमत सुरू झाली. आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी घराला रंग देतात. गोकुळदासनं स्वतःच्या हातानं आपली झडप हिरवी केली. आठवड्यानं सगुणनंही रंगारी न बोलावता आपली निळी केली. पुढे दरवर्षी तसंच. रंगवताना मात्र दोघंही शेजारची झडप वर्तमानपत्रानं झाकून घ्यायचे, भावाच्या झडपेवर आपला थेंब उडू नये म्हणून. रद्दी मीच द्यायचो आणि गिऱ्हाइकांना म्हणायचो, ही बघा आमच्या वाड्याची सरहद्द. गणपती तेवढा एक राहिला होता, थोरल्याच्या घरात. सगुण बायकोला, कमलाक्षीला घेऊन आरतीला यायचा, मागे उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि प्रसाद घेऊन मुकाट्यानं जायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्याच्या हिश्शाला रंग लावणं आमच्याकडे साधं काम नव्हे. माणूस भिंतीला चुना देतो, कौलं परततो, आणि मग कोर्टात उभा राहून म्हणतो, इतकी वर्षं मीच हे सांभाळतोय, तेव्हा हे माझं. म्हणून सख्ख्या भावाच्या भिंतीतली भेगसुद्धा कोणी बुजवत नाही.

गेल्या श्रावणात सगुण आजारी पडला. मूत्रपिंडाचं दुखणं. म्हापशाला इस्पितळात ठेवला, कमलाक्षी त्याच्या उशाशी, घराला कुलूप. चारपाच दिवसांनी गोकुळदास दुकानात आला आणि पॉलिश पेपर मागितला. पैसे दिले तरी जाईना.

"पलतडच्याक कसें आसा मरे?" त्यानं शेवटी विचारलं. पलतडचो म्हणजे पलीकडचा. नऊ वर्षांत भावाचं नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी घरी पाठवणार असं कमलाक्षी फोनवर म्हणाली होती. ते मी सांगितलं. तो मान हलवून गेला आणि त्याच दुपारी दार घासायला लागला. पावसानं उघडीप दिली होती, चवथही जवळ आली होती, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मान वर करून बघतो तर हा सगुणची निळी झडप खरवडतोय. वर्तमानपत्र नाही, काही नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून डबे घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही झडपा या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबड्या करून टाकल्या.

दुकानात दुसरा विषय नव्हता. भाऊ अजून जिवंत आहे आणि यानं दार गिळलं, असं जो तो म्हणत होता. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

शनिवारी माल आणायला म्हापशाला गेलो तेव्हा बिस्किटांचा पुडा घेऊन सगुणला बघून आलो. फार सुकला होता. तरी मला बघून उठून बसला.

"गांवांत कितें नवें?" त्यानं विचारलं.

पाऊस बरा आहे म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण बातमी पोटात राहील तर तो मी कसला.

"दादान तुजी झडप रंगयली मरे," मी म्हणालो. "आख्खें दार एकच केलां."

"कसलो रंग?"

"तांबडो."

तो म्हणाला, "घेऊं दी ताका. माका आतां खंय स्कूटर घालपाची आसा?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. कमलाक्षीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी उचलून निघालो.

लोखंड गंजू नये म्हणून आधी तांबडा प्रायमर देतात आणि खरा रंग त्यावर चढतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या गेटला मीच तो दिलाय. त्या दिवशी ते सुचलं नाही, कारण मला सुचवून घ्यायचं नव्हतं.

शनिवार-रविवार पाऊस पडला. प्रायमर चिकट तो चिकटच. गोकुळदास दर तासाला येऊन बोटानं दार चाचपायचा आणि आत जायचा. सोमवारी सकाळी ऊन पडलं. दहाच्या सुमारास त्यानं मला रस्त्यापलीकडून हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गेलो. सगळं दार चॉकलेटी झालं होतं.

"पळय. आमच्या बाबान लायिल्लो तोच," तो म्हणाला.

घासताना त्याच्या हिरव्याखाली तो रंग निघाला. मग मनात आलं, सगुणच्या निळ्याखालीही असणार. तिथेही निघाला. त्याची खपली कागदात बांधून हा म्हापशाला गेला होता आणि चार दुकानं हिंडून तसाच रंग मिळवला होता. एवढं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. हाताला कोपरापर्यंत रंग होता आणि तोंडावर हसू होतं.

"सगुण घरा येतलो तेन्ना पळयतलो. माका कितें उलोवचें पडचें ना." बोलण्याचं काम दार करणार, म्हणून तो खूश होता.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता इस्पितळात जाऊ, चल. तो म्हणाला, अजून एक हात मारायचा आहे, रंग नीट सुकू दे, गुरुवार कुठे लांब आहे? खरं काय ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, लाज वाटली. निदान एकट्यानं जाऊन सगुणला सांगायचं, तर दुपारी साबणाचा एजंट यायचा होता. उद्या जाऊ म्हटलं.

मंगळवारी पहाटे सगुण गेला.

इस्पितळातून त्याला घेऊन गाडी आली ती त्या दारासमोरच थांबली. गोकुळदासनं पुढे होऊन भावाला खांदा दिला. नऊ वर्षं न बोललेल्या भावांचं सुतक मात्र एकच असतं. चवथ त्यातच आली. त्या घरात गणपती आला नाही, आरती झाली नाही, आणि मला दुकानात बसवेना.

तेराव्याची जेवणं आटोपल्यावर आम्ही चारजण अंगणात बसलो होतो. कमलाक्षी बाहेर आली आणि तिनं गोकुळदाससमोर स्कूटरची आणि गॅरेजच्या कुलपाची किल्ली ठेवली.

"तांणी सांगलां, दार दादाक दी. भांडूं नाका म्हणाले."

गोकुळदासला आधी कळलंच नाही. त्यानं किल्ल्या तिच्याकडे सरकवल्या. तिनं घेतल्या नाहीत.

"दार माका नाका," तो म्हणाला. "हांवें तें आमचें दोगांचें म्हूण रंगयलां. बाबाचो रंग तो. ताका कळूंक ना?"

"गाडयेंतल्यान देंवतना दार पळयलें, तेन्ना माका कळ्ळें," कमलाक्षी म्हणाली. "तांकां खंयच्यान कळटलें? तांकां तांबडो म्हूण सांगिल्लो."

कोणी, ते तिनं सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी खाली मान घालून म्हणालो, "हांवें सांगलें, गोकुळदास. शनिवारीं. आनी सोमवारीं तुका सांगूंक जालें ना."

मला वाटलं आता तो हात उगारणार. उगारला असता तरी मी हललो नसतो. त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. तेरा दिवस झाले तरी नखांच्या कडांना चॉकलेटी रेघ तशीच होती.

"तुजो गुन्यांव उपरांतचो, पयलो म्हजो," तो म्हणाला. "रंग सुकपाची वाट हांवें कित्याक पळयली? हात रंगान भरिल्ले आसतना तसोच ताचेकडे धांवूंक जाय आशिल्लें."