नवा येईपर्यंत जुना हलवायचा नाही

आमच्या वस्तीवरच्या कोंबड्यांबाबत सासूबाईंचा एकच कायदा होता: नवा कोंबडा आल्याशिवाय जुना हलवायचा नाही. त्या महिनाभरासाठी नरसिंहपूरला बहिणीकडं गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ आला. माहेरचं माणूस दारात म्हटल्यावर मला कुठला दम? कोंबडा रश्श्यात गेला.

त्या परतायच्या आठवड्यात माझे धाबे दणाणले. घाईनं बावड्याच्या बाजारातून एक तरणा कोंबडा मागवला. तो नावालाच कोंबडा. कोंबड्या चोची मारून त्याला पळवायच्या आणि त्याला धड आरवताही येत नव्हतं. सासूबाई परतल्यावर मी त्यांना सांगून टाकलं, जुना चार दिवसांपूर्वीच कापला.

नेमकी तेव्हाच तांबडी कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून खुराड्यात ठाण मांडून बसली. कोंबडा गेल्यावरही आठ-दहा दिवसांत घातलेली अंडी उबवायला चालतात, या हिशेबानं सासूबाईंनी ताजी अकरा अंडी पाटीत भुशावर मांडली आणि तांबडीला वर बसवलं. अंडी नेहमी त्याच मांडायच्या. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. मी एकेक अंडं त्यांच्या हातात देत राहिले. तांबडी दिवसातून एकदाच उठायची, चार दाणे टिपून धावत परत जायची. ती उठली की मी दुसरीकडं बघायचे.

आठव्या दिवशी सासूबाईंनी डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि मोबाइलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरून पाहिलं. एकातही जीव धरल्याची तांबडी शीर दिसेना.

"जुना कवा कापला हुता?"

"तुमी गेला, त्याच्या दुसऱ्याच दिशी, आत्या."

त्यांनी सगळी अंडी बाजूला सारली. मग पदर खोचून शेजारच्या वस्तीवर गेल्या, अकरा अंडी मागून आणली आणि पाटी माझ्यापुढं ठेवली.

"आता तू मांड."

"माज्या हातानं न्हाय व्हायचं."

"आठ दिस फुकट बसलीया ती. तिला रिकामं उठवायचं न्हाय. मांड."

पुढचे एकवीस दिवस मी तांबडीला पाणी आणि भिजवलेल्या कण्या जागेवर नेऊन दिल्या. नऊ पिल्लं निघाली. शेजारणी बघायला आल्या, तेव्हा सासूबाई सांगत होत्या, "सुनंच्या हाताला गुण हाय." मी चुलीपुढं जाऊन पोटभर रडले. जुन्या कोंबड्याचं त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.